बोटाचं टोपडं

लातूरच्या ट्युशन एरियात वर्षाराणी मॅडमचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी काढलेलं हृदय मात्र बहुतेक सगळ्या पोरांनी पाहिलेलं होतं. रेणुकादास सरांच्या क्लासच्या टेस्ट पेपरात ते पहिल्यांदा छापून आलं आणि मग झेरॉक्सच्या दुकानांतून होस्टेलाहोस्टेलांत गेलं. चार कप्पे, झडपा, महाधमनीची कमान, सगळं एका दमात काढल्यासारखं. चाकूरहून, जळकोटहून, पार नांदेडच्या पलीकडून आलेली पोरं त्याच आकृतीवरून बोट फिरवत रक्ताचा रस्ता पाठ करायची.

ते हृदय कागदावर काढलेलं नव्हतं. मॅडमनी ते लॅपटॉपच्या टचपॅडवर, उजव्या हाताच्या एका बोटानं काढलं होतं. त्या हाताचं तेवढं एकच बोट चित्र काढण्याच्या कामाचं उरलं होतं.

वर्षाराणी औशाच्या बाजूची, तेरणेकाठच्या गावची. वडील आप्पासाहेब शेतकरी, घर खाऊनपिऊन सुखी. पोरगी हुशार म्हणून त्यांनी तिला सायन्सला लातुरात आपल्या बहिणीकडं ठेवलं होतं. बहीण म्हणजे उमाबाई. गंजगोलाईच्या बाजारामागं एका खोलीत शिलाई मशीन टाकून त्या ब्लाउज शिवायच्या. त्र्याण्णवच्या गणपतीत पोरगी गावाकडं गेली. विसर्जन झालं, लोक दमून झोपले, आणि उजाडायच्या आत भूकंपानं दगडमातीची घरं खाली आणली. आई आणि आप्पासाहेब दोघंही गेले. वर्षाराणीला जवानांनी दुपारी बाहेर काढलं. तिचा उजवा पंजा दगडाखाली होता.

उमाबाईंनी तिला दवाखान्यातून आपल्या खोलीवर आणलं. अनामिका मुळापासून गेली होती. मधल्या बोटाचा नुसता खुंट राहिला होता. तर्जनी वाचली, पण पुरती सरळ व्हायची नाही. जखम भरेपर्यंत उमाबाई रोज पट्टी बदलायच्या आणि बदलताना गावातल्या लग्नकार्याच्या गमती सांगत राहायच्या, म्हणजे पोरीचं लक्ष हाताकडं जाऊ नये. जखम भरली त्या दिवसापासून वर्षाराणीनं तो हात पदराखाली घेतला. पुढं कित्येक वर्षं उमाबाईंनीही तो मागितला नाही.

बारावी झाली, बीएस्सी झाली, पण डाव्या हातानं काढलेल्या आकृत्या वाकड्यातिकड्या यायच्या. प्रॅक्टिकलला एक सर म्हणाले होते, "बाळ, तुला येतंय सगळं, पण कागदावर दिसत न्हाई." तिनं पुढं शिकायचा नाद सोडला आणि एका डीटीपीच्या दुकानात कामाला लागली. त्या वर्षांत लातुरात क्लासेसचं पीक आलं होतं. गल्लोगल्ली फ्लेक्स लागले, घरांवर मजले चढले, खोल्यांची होस्टेलं झाली. प्रश्नपत्रिका टाइप करणाऱ्या माणसांना फुरसत नव्हती. माउस मात्र तिला कधी साधला नाही. तो धरायला बोटं लागतात, आणि तिच्या पंजाला धरणं जमत नव्हतं.

मग दुकानात पहिला लॅपटॉप आला. काम नसताना तिनं त्याच्या टचपॅडच्या चौकोनावर तर्जनी टेकवली आणि सहज फिरवली. पडद्यावर एक रेषा उमटली. तिनं पानाची कड काढली, मग मधली शीर, मग आडव्या शिरा. हाताला जोर द्यायचा नव्हता, काही धरायचं नव्हतं. नुसतं टेकवायचं आणि न्यायचं. त्या दिवशी घरी जाऊन तिनं उमाबाईंना सांगितलं, "आत्या, मला पान काढता आलं." उमाबाई काज करत होत्या. त्या म्हणाल्या, "कसलं पान?" वर्षाराणी म्हणाली, "पिंपळाचं." उमाबाईंनी सुई बाजूला ठेवली.

रेणुकादास सरांनी तिला पुढं क्लासमध्येच घेतलं. मागच्या बाजूची लहान खोली, एक टेबल, एक लॅपटॉप. तिथं बसून तिनं वर्षानुवर्षं मूत्रपिंडं काढली, फुलांचे छेद काढले, डोळे, कान, आतडी काढली. वर्गात ती कधी गेली नाही. शिकवणारे सर लोक येऊन सांगायचे, "मॅडम, उद्याच्याला न्यूरॉन पाहिजे बरं का." दुसऱ्या दिवशी न्यूरॉन तयार असायचा.

कोरोनानंतर क्लास पुन्हा भरायला लागले त्या वर्षीची गोष्ट. ऑनलाइन टेस्टचं नवं सॉफ्टवेअर आलं होतं आणि ते जुन्या सिस्टिमवर चालत नव्हतं. म्हणून क्लासच्या सगळ्या मशीनी एका सुट्टीत नव्या सिस्टिमवर नेल्या. मॅडमचा लॅपटॉपही त्यात गेला. सोमवारी त्यांनी तो उघडला. पडदा नवा, रंग नवे, खालच्या पट्टीवरची चित्रं मधोमध आलेली. त्यांनी बोट टेकवलं आणि काढायला घेतलेल्या पेशीचं पान सर्रकन वर पळालं.

त्यांनी ते खाली आणलं. पुन्हा बोट टेकवलं, पुन्हा पान पळालं. मधेच पेशी एकदम मोठी झाली, मधेच इवलीशी. पडद्यावरचा बाण एका जागी थिजायचा आणि अचानक उडी मारून कोपऱ्यात जायचा. मॅडमनी लॅपटॉप बंद करून चालू केला. पॅड कोरड्या फडक्यानं पुसलं. हात साबणानं धुऊन, पुसून, पदराला कोरडा करून पाहिला. काही फरक पडला नाही.

क्लासचे कॉम्प्युटर बघणारे बालाजी सर आले. त्यांनी खुर्चीत बसून दोन मिनिटं बोट फिरवलं.

"मॅडम, चालतंय की."

"तुमच्यानं चालतंय. माझ्यानं पळतंय."

"नवीन हाय, सवय व्हायला टाइम लागंल," ते म्हणाले. तरीही माणूस चांगला, त्यांनी टचपॅडचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, काढून पुन्हा टाकून पाहिला. जुन्या सिस्टिममधला ड्रायव्हर घालायचा प्रयत्न केला, तर नवी सिस्टिम त्याला आत घेईना. "जुनं आता बसत न्हाई," म्हणून ते उठले.

दुसऱ्या दिवशी मॅडम ऑटोनं दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं पॅड तपासायचा प्रोग्रॅम चालवला. बोट जाईल तिथं ठिपके उमटत होते, एकही जागा मेलेली नव्हती. "एकदम ओके हाय मॅडम. तुमच्या हाताला घाम-बिम येतो का?" मॅडमनी नकाराची मान हलवली. तो पुढं म्हणाला, "मग चालवून दाखवा बरं." दुकानात गर्दी होती. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या," आणि लॅपटॉप पिशवीत घालून बाहेर आल्या.

लॅपटॉप सगळ्यांच्या हाती नीट चालतो आणि आपल्याच हाती चालत नाही, याचा त्यांनी जो अर्थ लावायचा तो लावला. शेकोटीच्या दिवसांत तो हात आधीच आखडायचा. आता वय पंचेचाळिशीच्या पुढं गेलं. हात गेला, असं त्यांच्या मनानं घेतलं. रोज सकाळी त्या कोमट पाण्यात हात घालून बसू लागल्या. उमाबाईंनी पाहिलं. म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण नजर शाबूत होती.

"काय करलालीस गं, वर्षे?"

"काही न्हाई आत्या. हात थोडा आखडलाय."

"दाखव."

"न्हाई, ठीक हाय."

उमाबाईंनी पाण्यात अजून एक तांब्या गरम पाणी ओतलं.

आठवडाभर पेपर बिनआकृत्यांचे गेले. माउस आणून पाहिला, रेषा थरथरत आली. डाव्या हातानं पॅडवर काढून पाहिलं, तर न्यूरॉनची शेपटी पालीच्या शेपटीसारखी दिसायला लागली. रेणुकादास सरांनी बायोलॉजीच्या नव्या शिक्षिकेला सांगितलं, "तूर्त आकृत्या नेटवरून घ्या."

ही नवी शिक्षिका म्हणजे इरा. नांदेडची, आईवडील दोघंही शाळेत शिक्षक. एमएस्सी करून नुकतीच आली होती आणि तास नसला की मागच्या खोलीत डबा खायला यायची. नेटवरच्या आकृत्या तिला पसंत पडल्या नाहीत.

"मॅडम, ह्याच्यात झडपा उलट्या दाखवल्यात. पोरं गडबडून राहिलीत. तुम्हीच काढा ना."

मॅडमनी तिला लॅपटॉपचं सांगितलं. इरानं बोट फिरवून पाहिलं, अर्थातच नीट चाललं. पण ती "चालतंय की" असं म्हणाली नाही. तिनं खुर्ची बाजूला ओढली.

"तुम्ही चालवा. मी बघते."

"स्क्रीनवर काय होतंय ते मी सांगितलंच की."

"स्क्रीन नाही मॅडम. हात बघते."

खोलीत दोघीच होत्या. बाहेर तास चालू होता, फिजिक्सच्या सरांचा आवाज भिंतीतून येत होता. एवढ्या वर्षांत घर-दवाखान्याबाहेरच्या कुणी त्यांना हे असं सरळ म्हटलं नव्हतं. लोक हात पाहायचे आणि नजर वळवायचे, किंवा हळहळायचे. इरा नुसती वाट पाहत होती. मॅडमनी पदराखालून हात काढला आणि टेबलावर ठेवला.

इरानं पाहिलं. मान तिरकी करून, मग खाली वाकून, पॅडच्या पातळीवर डोळे आणून पाहिलं. प्रयोगशाळेत काही बघावं तसं, पण कोरडेपणानं नाही.

"आता बोट टेकवा. हळू. हं, न्या इकडं."

पान पळालं.

"परत एकदा. मॅडम, हे मधलं बोट तुम्ही मुद्दाम टेकवता का?"

"कुठलं?"

"हे. तर्जनी खाली आली की हे पण खाली येतंय. अगदी थोडं."

मॅडमनी वाकून पाहिलं. खरंच की. तर्जनी सरळ होत नाही, म्हणून ती टेकवताना सगळा पंजा किंचित कलायचा आणि मधल्या बोटाचा खुंट पॅडला लागायचा. तो कायमच लागत आला असणार. त्या जागेवर फारशी जाणीवच नव्हती, म्हणून त्यांना कधी कळलं नव्हतं.

इरानं स्वतःचं मधलं बोट दुमडलं, त्याचा सांधा पॅडला लागेल असा हात धरला आणि तर्जनी फिरवली. पेशीचं पान सर्रकन वर पळालं. मग मोठं झालं, मग लहान. इरा हसायला लागली.

"झालं! माझ्यानं पण होतंय. मॅडम, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. ही सिस्टिम दोन बोटं मोजून राहिली. एक बोट म्हणजे बाण हलवायचा, दोन बोटं म्हणजे पान सरकवायचं, दोन्ही लांब नेली की मोठं करायचं. जुन्या सिस्टिमला तुमचं हे बोट कळतच नसेल. तिनं ते सोडून दिलं असेल."

मॅडम हाताकडं बघत होत्या. "म्हणजे ह्याला बोट धरलं तिनं," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत कुणी धरलं न्हाई गं ह्याला हिशेबात." त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. इराला 'तुम्ही'वरून 'गं' कधी झालं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. इराच्या आलं. तिनं डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढं सरकवली.

जेवण झाल्यावर दोघींनी सेटिंगमध्ये टचपॅडचं पान शोधलं. दोन बोटांनी सरकवणं बंद केलं. दोन बोटांनी लहानमोठं करणं बंद केलं. दोन बोटांच्या टिचकीचं, तीन बोटांचं, जे जे दिसलं ते बंद केलं. पॅडची संवेदनशीलता सगळ्यांत कमी करून ठेवली. मॅडमनी बोट टेकवलं. पान जागचं हललं नाही. पण रेषा काढायला गेल्या तर बाण मधेमधे अडखळत होता, दोन बोटांपैकी कुणाचं ऐकावं ते त्याला कळत नसल्यासारखा.

"अर्धं झालं," इरा म्हणाली. तिनं रुमालाची घडी केली, आपल्या दुमडलेल्या बोटावर धरली आणि फिरवून पाहिलं. बाण सरळ गेला. "जाड कापड असलं की पॅडला कातडी लागत नाही. त्या बोटाला काही तरी घालायला पाहिजे. लहान टोपी."

संध्याकाळी वर्षाराणी घरी गेली. उमाबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. हल्ली त्या गिऱ्हाइकाचं शिवत नव्हत्या, पण मशीन अजून खिडकीशी होती आणि तिच्यावर रोज फडकं फिरायचं.

"आत्या, एक शिवून देती का?"

"काय?"

वर्षाराणीनं हात पुढं केला, पदर बाजूला करून. उमाबाईंनी मेथीचे हात लुगड्याला पुसले. पट्ट्या सुटल्यापासून तो हात त्यांच्यापुढं असा आला नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि खुंटावरून अंगठा फिरवला.

"दुखतंय का?"

"न्हाई. ह्याला टोपडं पाहिजे. लॅपटॉपला दिसू नये म्हणून." आणि तिनं दुपारची सगळी हकिकत सांगितली.

उमाबाईंनी ती शांतपणे ऐकली. मग त्यांनी विचारलं, "मशीनला दिसू नये एवढंच ना? मान्सांला दिसलं तर चालंल?"

वर्षाराणीनं हाताकडं पाहिलं. "चालंल," ती म्हणाली.

"मग रंगीत घेते."

त्यांनी टेप काढली आणि ब्लाउजाचं माप घ्यावं तसं त्या खुंटाचं माप घेतलं, वरून, मधून, खालून. पहिलं टोपडं खणाच्या कापडाचं झालं. दिसायला गोड, पण पातळ. पॅडनं ते ओळखलं आणि बाण अडखळला. दुसरं जुन्या स्वेटरच्या लोकरीचं केलं, ते घसरून टेबलाखाली जायचं. इरा आणि मॅडम दोनदा त्याच्यासाठी टेबलाखाली शिरल्या. तिसऱ्याला उमाबाईंनी आत गोधडीतला कापूस भरला, बाहेर लाल खण लावला आणि बुडाशी ब्लाउजाच्या बाहीला लावतात तसं बारीक इलॅस्टिक घातलं. ते घट्ट बसलं. वर जरीचा ठिपकाही होता. तो कशाला, असं विचारल्यावर उमाबाई म्हणाल्या, "टोपड्याला नगं का काही?"

मॅडमनी ते घालून तर्जनी टेकवली. बाण गेला. सरळ गेला, वळला, थांबला, पुन्हा निघाला. त्यांनी एक वाटोळा आकार काढला आणि तो जिथं सुरू झाला होता तिथंच येऊन मिटला. मग आत केंद्रक काढलं. इरा शेजारी डबा उघडून बसली होती. तिनं घास तसाच हातात धरला होता.

"खा की," मॅडम म्हणाल्या.

पुढच्या पेपरात पेशी आली, त्याच्या पुढच्या पेपरात न्यूरॉन. बालाजी सर येऊन टोपडं पाहून गेले आणि म्हणाले, "हे मला सुचलं न्हाई." मॅडम म्हणाल्या, "तुम्ही ड्रायव्हर काढून बघितला, तेवढं कोण करतं?" लाल ठिपका टेबलावर दिवसभर दिसायचा. हात पदराखाली न्यायचं मॅडम विसरायला लागल्या होत्या. निदान टोपडं बोटावर असेपर्यंत तरी. बाजारात, बसमध्ये, पाहुण्यांत तो अजून आपोआप आत जायचा. इतक्या वर्षांची सवय एका टोपड्यानं जात नसते.

दिवाळीनंतर इरानं गळ घातली. हृदयाचा धडा होता. "मी बोलते, तुम्ही काढा. पोरांच्या पुढ्यात, मोठ्या पडद्यावर. एक एक झडप निघताना दिसली तर डोक्यात बसंल." मॅडम दोन वेळा नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "किती पोरं असतात?" इरा म्हणाली, "पुष्कळ. पण ती पडद्याकडं बघतात."

मॅडम वर्गात गेल्या. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या. समोरच्या बाकावरच्या काही मुलींनी हाताकडं पाहिलं, लाल टोपड्याकडं पाहिलं, एकमेकींकडं पाहिलं. मॅडमचं बोट पॅडवर तसंच थांबलं होतं. इरानं दिवे मंद केले आणि बोलायला सुरुवात केली. पडद्यावर पहिली रेषा आली. मग कुजबुज थांबली. उजवी कर्णिका, उजवी जवनिका, त्यांच्या मधली तीन पाकळ्यांची झडप. इरा पुढं गेली की मॅडम मागून यायच्या, मॅडम पुढं गेल्या की इरा थांबायची. महाधमनीची कमान काढताना त्यांचा श्वास रोखला गेला होता, ते रेषा पुरी झाल्यावर त्यांना कळलं.

तास संपला. पोरं चपला शोधत, ढकलाढकली करत बाहेर पडली. एक मुलगी मागं राहिली. जळकोटची होती, होस्टेलात नवीनच आलेली. ती वही छातीशी धरून टेबलाशी आली. मॅडमनी नकळत हात मांडीवर घेतला.

"मॅडम, ती डावीकडची झडप परत काढून दाखवता का? बंद होतानाची. माझं तिथंच चुकतंय."

"ये, इकडं ये. उभी का हायेस, बस," मॅडम म्हणाल्या. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि हात पुन्हा टेबलावर ठेवला. "हे बघ. पाकळ्या वर येतात, अशा. पण पुरत्या उलटत न्हाईत. का न्हाई उलटत, सांग बरं?"

मुलीनं पडद्याकडं बघत विचार केला. "खालून दोरे असतात."

"असतात. मग काढू आपण ते दोरे."